धंद्याचे शास्त्र तेरखेड्याच्या शेडपर्यंत येऊ द्या

सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या एस.टी.त बसलात की येरमाळ्याच्या पुढे तेरखेडा लागते. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातले हे गाव. महामार्गाच्या कडेला फटाक्यांची दुकाने आणि वस्तीपासून लांब, माळावर, फटाके बनवण्याच्या शेड. दिवाळी जवळ आली की आजूबाजूच्या जिल्ह्यांतले गिऱ्हाईक येथे येते. लोक या गावाला कौतुकाने मराठवाड्याची शिवकाशी म्हणतात. त्याच लोकांना हेही ठाऊक आहे की काही वर्षे गेली की येथून स्फोटाची बातमी येते. चार दिवस हळहळ होते, पंचनामा होतो, आणि पुढच्या हंगामाची तयारी सुरू होते.

या धंद्यात काय काय असते ते वाचकांनी जरा बोटांवर मोजून पाहावे. सोरा, गंधक, कोळसा, अ‍ॅल्युमिनियमची भुकटी, कागद, सुतळी असा कच्चा माल आणायचा. माल महिनोन्‌महिने बनवायचा, पण त्यातला मोठा हिस्सा विकला जाणार दिवाळीच्या थोड्या दिवसांत. तोवर पैसा मालात अडकून पडलेला. पावसाळ्यात माल वाळत नाही म्हणून काम मंदावते. उधारी असते, परवाना असतो, परवान्याचे नूतनीकरण असते, शिवकाशीहून येणाऱ्या रंगीत वेष्टनातल्या मालाशी स्पर्धा असते. खेळते भांडवल, साठ्याचे नियंत्रण, हंगामी मागणी, मजुरीची पद्धत, जोखीम असे बी.कॉम.च्या आणि एम.बी.ए.च्या पुस्तकांतले झाडून सारे धडे या एका गावात उभे आहेत. परंतु आम्ही वाणिज्य शाखेची तीन वर्षे पुरी केली तेव्हा आमच्या पुस्तकांत पोलादाचे कारखाने होते, अमेरिकेतल्या मोटार कंपन्या होत्या; तेरखेड्यासारखे एकही गाव नव्हते. आमच्यानंतर शिकलेल्या मुला-मुलींना विचारले तर त्यांचेही उत्तर फारसे वेगळे येत नाही.

आज आम्ही वाचकांपुढे हाच विषय ठेवीत आहोत. धंद्याच्या आणि व्यवस्थापनाच्या संशोधनाचा आपल्यासारख्या हातावर पोट असलेल्या कुटुंबांशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की संबंध फार जवळचा आहे. ज्याच्या घरातले माणूस कोणाच्या तरी धंद्यात राबते, त्याला तो धंदा कसा चालतो हे कळलेच पाहिजे.

हे शास्त्र आले कोठून?

धंदा का चालतो, का बुडतो, माणसांना कामाला कसे लावावे, माल किती साठवावा, नुकसान कोठे होते, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे व्यवस्थापनाचे संशोधन. आपल्या देशात त्याला मोठे बळ मिळाले ते १९६१ साली. त्या वर्षी कलकत्ता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. कलकत्त्याच्या संस्थेला अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेचे आणि अहमदाबादच्या संस्थेला हार्वर्ड विद्यापीठाचे सहकार्य लाभले. फोर्ड फाउंडेशनने मदत केली. देशाला मोठे कारखाने उभे करायचे होते, ते चालवणारे अधिकारी हवे होते. त्या काळाची ती गरज होती आणि ती या संस्थांनी भागवली, हे मान्यच करावे लागेल.

पण देशातला धंदा म्हणजे केवळ मोठे कारखाने नव्हेत. सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१५-१६ साली शेती सोडून इतर लहान-मध्यम उद्योगांची मोजदाद केली. त्यात असे सुमारे ६ कोटी ३४ लाख उद्योग निघाले, आणि त्यांतले ९९ टक्क्यांहून अधिक अगदी सूक्ष्म होते. या सर्वांत मिळून सुमारे ११ कोटी १० लाख माणसे काम करीत होती. भागाकार करून पाहा, एका धंद्यामागे दोन माणसेही भरत नाहीत. शिंप्याचे यंत्र, वडापावची गाडी, चपलांचे दुकान, पिठाची गिरणी, घरात वळल्या जाणाऱ्या उदबत्त्या. हा आपला देश आहे, आणि पुस्तकातला देश मात्र दुसराच आहे.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. एका मालकाच्या मालकीच्या उद्योगांत अनुसूचित जातींच्या मालकांचे प्रमाण सुमारे साडेबारा टक्के भरले. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येतले आपले प्रमाण १६.६ टक्के आहे. म्हणजे मजुरांत आपण भरपूर, मालकांत कमी. ही गोष्ट डोळ्यांना दिसतच होती. परंतु मोजल्यावर ती कोणाला नाकारता येत नाही. संशोधनाचा पहिला उपयोग हा.

१९१८ सालचा एक निबंध

लहान माणसाच्या धंद्याचे संशोधन कसे करावे याचा एक फार मोठा धडा आपल्या घरातच आहे. १९१८ साली भारतीय अर्थशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यावेळी विद्वानांचे मत असे होते की, शेतीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेतकरी गरीब आहे. तुकडे जोडून मोठे केले की शेती सुधारेल. बाबासाहेबांनी विचारले, लहान कशाच्या मानाने? नुसत्या एकरांवरून शेत लहान की मोठे हे ठरत नाही. त्या शेताला जोडलेले भांडवल किती, अवजारे किती, बैल किती, राबणारे हात किती, यांचे परस्परांशी प्रमाण पाहावे लागते. आपल्याकडे जमिनीवर माणसांचा भार जास्त आणि साधने कमी, हे खरे दुखणे आहे. म्हणून त्यांनी उपाय सांगितला तो औद्योगिकीकरणाचा. जमिनीवरचे जास्तीचे हात उद्योगात गेले तर शेतीही सुधारेल, असे त्यांचे प्रतिपादन होते.

बाबासाहेबांना धंद्याच्या जगाचा प्रत्यक्ष अनुभवही त्याच सुमारास आला होता. शेअर्सच्या व्यवहारात लोकांना सल्ला देण्याचे काम त्यांनी सुरू केले. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले. सल्ल्यात खोट नव्हती. पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे वाणिज्य शिकवणाऱ्या कॉलेजातच, अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. आणि १९५३ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत वाणिज्य व अर्थशास्त्राचे सिद्धार्थ कॉलेज काढले. वाणिज्याचे शिक्षण आपल्या मुलांना मिळालेच पाहिजे असे त्या पिढीला का वाटले असेल, याचा विचार वकील आणि डॉक्टर यांच्यापलीकडे स्वप्न न पाहणाऱ्या आई-बापांनी जरूर करावा.

तारापूरच्या गिरण्यांत काय दिसले

आता आजच्या काळातले उदाहरण घेऊ. ते आपल्या महाराष्ट्रातलेच आहे. पालघर जिल्ह्यात तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. मराठवाड्यातून पोटासाठी मुंबईकडे गेलेल्या अनेकांनी त्या बाजूच्या कारखान्यांत पाळ्या केल्या आहेत. २००८ च्या सुमारास तारापूर आणि त्याच पट्ट्यात पलीकडे गुजरातेतल्या उंबरगाव येथील कापड विणणाऱ्या काही गिरण्यांत एक प्रयोग झाला. तो केला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि जागतिक बँकेच्या संशोधकांनी. त्यांत निकोलस ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आदी मंडळी होती.

प्रश्न साधा होता : चांगल्या व्यवस्थापनाने खरोखर काही फरक पडतो का? औषधाची परीक्षा घेतात तशी त्यांनी व्यवस्थापनाची परीक्षा घेतली. गिरण्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले. दोन्ही गटांत सल्लागारांनी महिनाभर पाहणी केली आणि काय सुधारता येईल ते सांगितले. पण एका गटाला त्यापुढे चार महिने रोज जाऊन प्रत्यक्ष मदत केली, दुसऱ्याला केली नाही. मदतीची फी गिरणीकडून घेतली नाही.

पाहणीत काय दिसले? वाटेत कचरा पडलेला, यंत्राभोवती तेल सांडलेले, सुताचे गठ्ठे कसेही टाकलेले. कोणत्या रंगाचे, किती सूत शिल्लक आहे याची नोंद नाही. माग बंद पडला तर का पडला, किती वेळ पडला, याची वही नाही. कापडात खोट निघाली तर कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत निघाली, हे कोणी लिहिलेले नाही. संशोधकांनी अशा ३८ रीतींची यादी केली होती. यंत्र मोडण्याआधी त्याची देखभाल करणे, हत्यारे ठरलेल्या जागी ठेवणे, खोटीचा रोज हिशोब ठेवून त्यावर बोलणे, साठा मोजणे, कामाला ठरावीक बक्षीस देणे. यांतले एकही काम परदेशी यंत्र आणल्याशिवाय होत नाही असे नाही. वही, पेन्सिल, झाडू आणि ठरलेली वेळ एवढे पुरते.

२०१३ साली निष्कर्ष छापून आले. ज्या गिरण्यांना मदत मिळाली त्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात १७ टक्क्यांनी वाढली. म्हणजे तेवढ्याच साधनांत आणि मेहनतीत अधिक आणि चांगला माल निघू लागला, साठ्यात अडकलेला पैसा सुटला. तीन वर्षांत त्यांतल्या मालकांनी आणखी गिरण्याही उघडल्या. मग हे त्यांनी आधी का केले नव्हते? संशोधकांना मुख्य कारण आढळले ते माहितीचा अभाव. काही रीती ठाऊकच नव्हत्या. काही ठाऊक होत्या पण त्यांनी फायदा होतो यावर विश्वास नव्हता.

याच अभ्यासातली एक गोष्ट आमच्या भगिनींनी मुद्दाम वाचावी. एखाद्या घराण्याच्या किती गिरण्या असाव्यात हे बाजारावर ठरत नव्हते, व्यवस्थापनाच्या गुणावरही ठरत नव्हते. ते ठरत होते त्या घरात कर्ते पुरुष किती यावर. बाहेरच्या माणसावर भरवसा नाही, म्हणून भाऊ आणि मुलगे जेवढे तेवढ्याच गिरण्या. घरातल्या लेकी-सुनांना मोजायचे कोणाला सुचलेले दिसत नाही. धंद्याला विश्वासू माणूस मिळत नाही म्हणून धंदा वाढत नाही, आणि हिशोब जाणणारी मुलगी मात्र घरात बसून आहे. आपल्या घरी किराणा दुकान असो की गाडी, ही चूक आपल्याला परवडणारी नाही.

संशोधक २०१७ साली पुन्हा त्या गिरण्यांत गेले. लावून दिलेल्या रीतींपैकी जवळजवळ निम्म्या सुटलेल्या होत्या. व्यवस्थापक बदलला, मालकाला वेळ राहिला नाही, वही बंद पडली. तरीही मदत मिळालेल्या गिरण्या इतरांच्या पुढेच होत्या. आमच्यासारख्या कार्यालयात आवक-जावक नोंदवही सांभाळणाऱ्याला हे लगेच पटते. नोंद करणारा कारकून बदलला की पहिल्या आठवड्यात कळत नाही. सहा महिन्यांनी कागद सापडेनासा होतो तेव्हा कळते.

तेरखेड्यात मोजायचे काय?

आता तारापूरहून पुन्हा तेरखेड्याच्या माळावर येऊ. कापडाच्या गिरणीत तेल सांडले, सामान अस्ताव्यस्त पडले, तर कापडाला डाग पडतो, थानाचा भाव उतरतो. फटाक्याच्या शेडमध्ये दारूची भुकटी सांडली, लोखंडी वस्तू घासली, नको तेवढा माल एका खोलीत साठला, तर माणसे जातात. तीच अव्यवस्था, किंमत वेगळी. म्हणून आमचे म्हणणे आहे की, व्यवस्थापनाच्या संशोधनाची गरज वातानुकूलित कार्यालयापेक्षा अशा शेडला शतपटीने जास्त आहे.

नियम नाहीत असे नाही. स्फोटकांचा कायदा १८८४ सालचा आहे आणि त्याखालचे आजचे नियम २००८ सालचे. एका खोलीत किती माणसे बसावीत, किती दारू असावी, दोन खोल्यांत किती अंतर असावे, हे सारे त्यांत आहे. २०१६ सालच्या दुरुस्तीपासून १८ वर्षांखालच्या कोणालाही स्फोटकांच्या कामावर ठेवता येत नाही. पण नियम कागदावर असतो आणि हात कामावर असतात. दोहोंच्या मध्ये काय घडते, हेच संशोधनाने शोधायचे असते. आमच्या मते निदान पाच प्रश्नांचा अभ्यास झाला पाहिजे.

पहिला प्रश्न मजुरीच्या पद्धतीचा. या कामात बहुधा नगावर मजुरी मिळते. जेवढे नग तेवढे पैसे. मग हात भराभर चालतो, मध्येच उठून सांडलेली भुकटी पुसणे म्हणजे स्वतःच्या मजुरीतून पैसे कापून घेणे. सफाईच्या अर्ध्या तासाची मजुरी वेगळी दिली तर अपघात कमी होतात का? हे मोजता येते.

दुसरा प्रश्न हंगामाचा. दिवाळीच्या तोंडावर मागणी चढते, तेव्हा खोलीत माणसे आणि माल दोन्ही वाढतात का? अपघात कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या कामात घडले, याचा तक्ता मांडला तर धोक्याची वेळ आधी कळेल.

तिसरा प्रश्न उचलीचा. ज्याने आगाऊ पैसे घेतले आहेत तो मजूर, "ही खोली धोक्याची आहे, मी बसणार नाही," असे म्हणू शकतो का? आपल्या जिल्ह्यातली ऊसतोडीची कुटुंबे उचल म्हणजे काय ते चांगले जाणतात. कर्ज आणि सुरक्षितता यांचा संबंध पुस्तकात क्वचित येतो, कामावर मात्र रोज येतो.

चौथा प्रश्न नव्या नियमांचा. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बेरियमयुक्त फटाके आणि जोडफटाक्यांच्या माळा यांवर बंदी घातली. कमी धूर करणाऱ्या हरित फटाक्यांनाच मुभा दिली. अशा फटाक्यांचे मिश्रण नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने तयार केले. स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्य कार्यालयही नागपुरातच आहे. म्हणजे शास्त्र आणि परवाना दोन्ही आपल्याच राज्यात. मग लहान कारखानदाराला नवे मिश्रण शिकायला किती खर्च आला, किती दिवस काम बंद राहिले, त्या दिवसांत मजुराच्या चुलीचे काय झाले? हवा स्वच्छ झालीच पाहिजे, यात दुमत नाही. पण तिची किंमत कोणी किती मोजली, याचा हिशोब मागणे हा आपला हक्क आहे.

पाचवा प्रश्न अपघातानंतरचा. जखमी झालेल्या बाईचे नाव हजेरीच्या वहीत होते का? नसेल तर ती कामावर होती हे सिद्ध कसे करणार? आम्ही चळवळीच्या कामात भरपाईचे अर्ज लिहून देतो, तेव्हा सर्वांत मोठी अडचण हीच येते. एका कारखान्यातल्या अपघातानंतर (गाव आणि मालक यांची नावे येथे देत नाही) एका विधवेकडे नवऱ्याच्या नोकरीचा एकच पुरावा होता, भाजीच्या पिशवीत जपून ठेवलेली मजुरीची चिठ्ठी. त्यावर तारीख नव्हती.

शिवकाशीचा अर्धा आणि पुरा धडा

तेरखेड्याची तुलना शिवकाशीशी होते, म्हणून शिवकाशीची हकिकतही नीट समजून घ्यावी. तामिळनाडूतला तो भाग आपल्यासारखाच कोरडा. तेथील नाडार समाज एके काळी हीन लेखला गेलेला. त्यांना देवळांत मज्जाव होता. त्या समाजाने व्यापार करणाऱ्यांकडून ठरावीक वर्गणी गोळा करून सामायिक निधी उभे केले, शाळा काढल्या. १९१० साली नाडार महाजन संगम स्थापन झाला. १९२१ साली तुतिकोरीन येथे समाजाची बँक निघाली. १९२३ साली अय्या नाडार आणि षण्मुग नाडार हे शिवकाशीचे दोन तरुण कलकत्त्यास गेले, आगकाड्या बनवण्याचे काम शिकून आले, आणि त्यातून आगकाड्या, फटाके, छपाई असे उद्योग वाढत गेले. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट हार्डग्रेव्ह यांनी १९६९ साली या समाजावर ग्रंथच लिहिला. निधी, शिक्षण, बँक, मग कारखाना. हा क्रम आपल्या समाजाने लक्षात घेण्यासारखा आहे.

पण एवढाच धडा घेतला तर तो अर्धा होईल. त्याच शिवकाशीच्या पट्ट्यात लहान मुले आगकाड्या आणि फटाक्यांच्या कामात राबली, देशभर त्यावर टीका झाली. ५ सप्टेंबर २०१२ रोजी तेथील एका फटाका कारखान्यात स्फोट होऊन सुमारे ४० माणसे मेली. म्हणजे एका दबलेल्या समाजातून मालक निर्माण झाले तरी मजुराचे हाल आपोआप संपत नाहीत. आपले तरुण उद्योजक व्हावेत असे आज सर्वत्र बोलले जाते. अवश्य व्हावेत. पण उद्या आपल्याच बांधवाची शेड असेल तर तिच्यातही हजेरीची वही असली पाहिजे, आणि माणसे नियमाबाहेर बसवलेली नसली पाहिजेत.

प्रश्न कोण विचारतो

संशोधनात उत्तराइतकाच प्रश्न महत्त्वाचा असतो. तारापूरच्या अभ्यासात मुख्यतः उत्पादन, माल आणि साठा मोजला गेला, कारण प्रश्नच तो होता. मजुराच्या घरातून आलेला संशोधक वेगळा प्रश्न विचारतो. डॉ. सुखदेव थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त आडनावे वेगळी. दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या मानाने दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला तर एक तृतीयांशच. "आमच्याकडे फक्त गुण पाहतात," असे म्हणणाऱ्यांना हे आकड्यांतले उत्तर होते. २०१२ साली दुसऱ्या एका अभ्यासाने देशातल्या १,००० मोठ्या कंपन्यांची संचालक मंडळे तपासली. त्यांत सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे आणि अनुसूचित जाती-जमातींचे मिळून अवघे साडेतीन टक्के आढळले.

कंपनीचे दार बंद आहे ही तक्रार आपण अनेक वर्षे करीत होतो. दार किती बंद आहे ते या अभ्यासांनी मोजून दाखवले. तेरखेड्याच्या शेडबाबतही असेच मोजून दाखवणारे हवेत, आणि ते आपल्या घरांतून निघाले तर अधिक बरे. मजूर बाई साहेबाला जे सांगणार नाही ते शेजारच्या मुलीला सांगते.

आपण काय करावे

आमच्याकडे संध्याकाळी अभ्यासाला येणारी बी.कॉम., बी.बी.ए., एम.बी.ए.ची मुले दरवर्षी 'प्रोजेक्ट' करतात. बहुतेक जण झेरॉक्सच्या दुकानातून एखाद्या मोठ्या कंपनीवरचा तयार प्रोजेक्ट आणतात, नाव बदलतात, बांधून देतात. तोंडी परीक्षेत दोन प्रश्न होतात आणि ते बाड कपाटात जाते. त्या मुलांना आमचे सांगणे आहे : तुमच्या पायाखाली विषय आहे. विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिवला आहे, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर तुळजापूरला आहे. तेथील प्राध्यापकांकडे जा. तेरखेड्याच्या फटाक्यांवर, भूम तालुक्यातल्या खव्यावर, एखाद्या महिला बचत गटाच्या हिशोबावर प्रोजेक्ट मागा. दहा कुटुंबांकडे एक वर्ष जा. कच्च्या मालाचा भाव, मजुरी, उधारी, बंद पडलेले दिवस, दुखापती लिहून काढा. मालकालाही भेटा, परवान्याची, कर्जाची, उधारीची त्याची अडचण खरी असते, तीही लिहा. मालकाला शत्रू ठरवून गेलात तर शेडचे दार उघडणार नाही. माहिती देणाऱ्या मजुराचे नाव मात्र कोठेही फोडू नका, त्याचे पोट त्यावर आहे.

आणि माता-भगिनींनो, तुमच्यासाठी एक वही. चाळीस पानांची साधी वही पुरेल. रोज संध्याकाळी पाच गोष्टी लिहाव्यात : तारीख, घरातले कोण कोणत्या कामावर गेले, किती नग किंवा किती तास झाले, किती पैसे मिळाले व किती उचलीत कापले, आणि कामावर काही इजा किंवा धोका झाला का. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावे. तिलाही हिशोब येईल. ज्यांचा स्वतःचा लहान धंदा आहे त्यांनी घरखर्चाचा गल्ला आणि धंद्याचा गल्ला वेगळा ठेवावा, आणि आठवड्यातून एकदा उधारीची बेरीज करावी. धंदा नफ्यात आहे की आपण स्वतःची मजुरी फुकट घालतो आहोत, हे तेव्हाच कळते.

अशा पन्नास वह्या एका गावात वर्षभर लिहिल्या गेल्या तर ते कोणत्याही विद्यापीठाने मान द्यावा असे संशोधन होईल. आणि देव न करो, पण उद्या कोणावर वेळ आली, तर अर्जासोबत जोडायला त्या घराकडे तारीख घातलेला कागद असेल.